शंका आली की फुली

अंड्यांच्या शेडमध्ये तिला सगळे एक्सरे म्हणायचे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून असायचं. तेवीस वर्षं ती एकाच खोलीत, एकाच स्टुलावर बसून अंडी तपासत आली होती. खोली काळ्या पडद्यांनी बंद केलेली. मधोमध पट्टा, पट्ट्याखाली दिवे. अंडी सरकत यायची, खालून उजेड आरपार जायचा आणि कवचाच्या आतलं सगळं उघडं पडायचं. बलकाची सावली, टोकाशी हवेचा कप्पा, एखाद्यात रक्ताचा ठिपका, एखाद्याला केसासारखी चीर. बाकीच्या बायका अंडं उचलून, फिरवून, पार नाकाशी धरून बघत. ही नुसती बघायची. हातात निळा मेणखडू. वाईट दिसलं की फुली, आणि अंडं डावीकडच्या डब्यात.

"आणि नक्की कळत नसलं तर?" नवी येणारी प्रत्येक बाई पहिल्या दिवशी हे विचारायचीच.

"शंका आली की फुली."

"पण चांगलं असलं तर?"

"असलं तर असलं. पट्टा थांबतोय का तुझ्यासाठी?"

चांगल्या अंड्याला तिचा हात कधी लागायचा नाही. ते आपलं पुढे निघून जायचं. खूण फक्त बाद होणाऱ्याला. आणि खूण केलेलं अंडं कुणी परत दिव्यावर धरलंय, असं तेवीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

तिची गाठ तिलाच सापडली. अंघोळ करताना, डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे. दुखत नव्हती, हलत नव्हती. बोट सरकवलं की खाली काहीतरी असायचं, बोट उचललं की नसायचं. नऊ दिवस ती रोज बघत राहिली आणि रोज गाठ तिथेच असायची, पहारेकऱ्यासारखी. दहाव्या दिवशी तिने जाऊला सांगितलं.

जाऊला काही सांगायचं म्हणजे हिंमत लागायची, कारण जाऊ बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. तीस वर्षं माइकसमोर बसून तिचा आवाजच तसा झाला होता. घरात तिला भोंगा म्हणत, तोंडावर. ती कुजबुजली तरी फलाट चारवर ऐकू जाईल, असं तिचा दीर, म्हणजे एक्सरेचा नवरा, म्हणायचा.

"नऊ दिवस?" भोंगा ओरडली. "नऊ दिवस पोटात ठेवलंस? अगं, माझ्या पोटात नऊ मिनिटं काही राहत नाही!"

"हळू बोला ना, जाऊबाई."

"हळूच बोलतेय. उद्या सकाळी डॉक्टर. मी रजा टाकते. गाड्या काय, मुक्यानेही सुटतील."

मग मॅमोग्राफी झाली. मग सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या वेळी पडदा तिच्याकडे तोंड करून होता आणि तिने मान वळवून पाहिलं. आयुष्यभर तिने दुसरं केलं काय होतं? करड्या रंगात एक काळा डाग, कडा वेड्यावाकड्या. तिचा उजवा हात नकळत हलला. हातात खडू नव्हता म्हणून, एवढंच.

डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला शांत. "एवढ्यावरून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "थोडी शंका आहे, म्हणून सुईने तुकडा काढून तपासू. बायोप्सी. घाबरू नका, अशा पाच बायकांची बायोप्सी केली तर चौघींचं काही निघत नाही."

भोंगाने ते चौघींचं ऐकलं आणि गाडीत बसेपर्यंत तीनदा परत बोलून दाखवलं. एक्सरेने एकच शब्द ऐकला होता. शंका.

बायोप्सीच्या दिवशी नवऱ्याने गाडी काढली. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. गाडीच्या टपावर लाल 'शिकाऊ' पाटी, आणि शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक. तो स्वतः चालवत असला की त्या दुसऱ्या ब्रेकसमोर भोंगा बसायची.

"वहिनी, पाय वर घ्या. मागच्या वेळी भर चौकात दाबलात."

"समोर बस आली होती!"

"बस उभी होती, वहिनी. स्टॉपवर."

एक्सरे मागे बसली होती. सांगितल्याप्रमाणे वर-खाली वेगवेगळे कपडे, पुढून बटणं असलेला सदरा, अंगाला पावडर नाही, काही नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेता का, असं फोनवर विचारलं होतं. ती कसलीच गोळी घेत नव्हती. नाश्ता करून या, असंही सांगितलं होतं. तिने केला नव्हता.

हॉस्पिटलच्या आवारात नवऱ्याने गाडी लावली आणि इंजिन बंद केलं नाही. "मी इथेच आहे," तो म्हणाला. तो आत येत नसे. वडिलांच्या वेळी एकदा गेला होता तेवढाच. तिने कधी आग्रह केला नव्हता.

वरच्या मजल्यावर लांबट खोली. भिंतीला टेकून खुर्च्या, शेवटी एक दार, दारावर लाल दिवा. तो लागला की आत कुणीतरी असायचं. खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. भोंगा कानाशी लागली. "ती कोपऱ्यातली बघ, केवढी तरुण आहे गं." कोपऱ्यातल्या बाईने वर पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"जाऊबाई, तुम्ही बोलू नका."

"मी बोललेच नाही! मनात म्हटलं!"

कोपऱ्यातली हसली, आणि तिच्या शेजारची पण. दार उघडलं आणि सगळ्यांचं हसू एकदम बंद झालं. एक्सरेचं नाव पुकारलं गेलं, हजेरीपुस्तकातलं. क्षणभर तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

आत अंधार होता. अगदी काळा नाही, पण पडदे ओढलेले आणि एकच उजेड, त्या यंत्राच्या पडद्याचा. तिचे पाय दारातच थबकले. ही खोली तिला माहीत होती. फरक इतकाच की आज स्टुलावर दुसरी बाई बसली होती आणि उजेडावर ती स्वतः जायची होती.

"या, सदरा काढून इथे आडव्या व्हा," सिस्टर म्हणाली. मोठ्या हातांची, उतारवयाची बाई. "डावा हात डोक्याखाली. खांद्याखाली उशी देते. अशाच पडून राहायचं, हलायचं नाही."

कागदावर सही घेतली. डॉक्टरांनी काय-काय होणार ते सांगितलं: टोचल्यासारखं वाटेल, मग बधिर होईल, मग नुसतं दाबल्यासारखं. ती 'हो' म्हणत राहिली. गार जेल. त्यावरून फिरणारं यंत्र. तोच काळा डाग पडद्यावर परत आला आणि डॉक्टर बोलायच्या थांबल्या. त्या गप्प झाल्या, ते एक्सरेने लगेच टिपलं. बायका अंडं बघताना कधी गप्प होतात, ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

भुलीची सुई चांगलीच झोंबली. सिस्टरने तिचा उजवा हात धरला. "झालं, झालं. हेच काय ते दुखणं. कुठे काम करता?"

"अंडी तपासते."

"कशी?"

"दिव्यावर."

"बघा, म्हणजे तुमचं-आमचं एकच काम," डॉक्टर म्हणाल्या. चेष्टेनेच म्हणाल्या. एक्सरेने ते चेष्टेत घेतलं नाही.

बारीकशी चीर दिली, ती कळली नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता आवाज येईल, दचकू नका," आणि खट्ट झालं. मोठा स्टेपलर दाबावा तसं. ती दचकली. दुखलं नव्हतं, नुसता छातीत धक्का बसला. "एक," सिस्टर म्हणाली. परत खट्ट. तिने मान वळवली आणि पडद्यावर पाहिलं. पांढरी रेघ काळ्या डागात सरळ शिरत होती. खट्ट. खट्ट. पाच वेळा. बरणीतल्या पाण्यात दोऱ्याएवढे पाच तुकडे तरंगत होते. सिस्टरने बरणी उजेडाकडे धरली आणि डॉक्टरांकडे बघून मान हलवली.

मान कशाला हलवली?

"आता तिथे एक छोटीशी क्लिप ठेवतोय," डॉक्टर म्हणाल्या. "तिळापेक्षा लहान. खूण म्हणून."

"खूण?"

"हो. आतच राहील, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." पुढेही त्या काहीतरी सांगत होत्या. सिस्टरही सांगत होती, जखमेवर तळवा दाबून, दहा मिनिटं तशीच उभी राहून: आज वजन उचलायचं नाही, बर्फ कापडात गुंडाळून ठेवायचा, निळं-काळं होईल, ताप आला किंवा रक्त थांबलं नाही तर फोन करा, रिपोर्ट पाच-सहा दिवसांत. शब्द पाण्याखालून आल्यासारखे येत होते. खूण बरोबर बसली की नाही ते बघायला तिला शेजारच्या खोलीत नेलं, आणखी एक फोटो काढला, अगदी हलक्या हाताने. "छान बसलीय," सिस्टर म्हणाली.

बाहेर भोंगा उठून उभीच होती. "काय गं? दुखलं?"

"नाही."

"काय म्हणाल्या?"

"पाच-सहा दिवस."

तिने खोटं सांगितलं नव्हतं. फक्त तिच्यापुरता निकाल लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली ती सरळ सुपरवायझरच्या टेबलाशी.

"माझ्या जागी दुसरी बघून ठेवा."

"का? कुठे चाललीस?"

"बघून ठेवा म्हणतेय ना."

"एक्सरे, पगार वाढवून हवाय तर सरळ सांग की! असं धमकावतेस काय?" तो हसला. ती हसली नाही, तसा तोही थांबला.

तिने शेजारच्या स्टुलावरच्या बाईला आपल्या जागेवर बसवलं आणि मागे उभी राहून शिकवू लागली. घरीही तेच. नवऱ्याला धुण्याच्या यंत्रासमोर उभं केलं. पांढरे कपडे वेगळे, हे बटण दोनदा, हे कधीच नाही.

"मला कशाला हे?"

"लागेल."

"तू आहेस ना."

ती साबणाचं झाकण लावत राहिली. तो यंत्राकडे बघत राहिला आणि त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. घाबरला की त्याचा पाय असाच जायचा, समोर काही नसलं तरी.

छातीवरची पट्टी निघाली. खाली जांभळं, मग हिरवट, मग पिवळं झालं. ती आरशासमोर उभी राहून बघायची. वरचं सगळं ओसरत होतं. आतली खूण ओसरणार नव्हती.

सहाव्या दिवशी हॉस्पिटलचा फोन आला. तिने नंबर ओळखला, फोन टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवला. सातव्या दिवशी दोनदा आला. टॉवेलातून गुरगुर ऐकू येत होती. नवरा म्हणाला, "कुणाचा आहे?" ती म्हणाली, "जाहिरातवाले." आठव्या दिवशी फोन आलाच नाही. ती सुटल्यासारखी झाली आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं: तेही थांबले म्हणजे सगळं संपलं.

नवव्या दिवशी दुपारी भोंगा दारात उभी. कामावरूनच आली होती. गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. आणि तिचा आवाज लहान होता. तिचा आवाज लहान ऐकून एक्सरेच्या हातातलं ताट जवळजवळ सुटलंच.

"मला फोन आला होता. माझा नंबर लिहिला होतास ना फॉर्मवर. तू उचलत नाहीस म्हणाल्या."

"काय सांगितलं?"

"काही नाही. फोनवर सांगत नाही म्हणाल्या. घेऊन या, लवकर या, एवढंच."

भोंगाने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"का उचलत नाहीस गं?"

"मला माहितीये काय आहे ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे, जाऊबाई? खूण केलीय त्यांनी मला. आत धातू ठेवलाय. चांगल्याला कोण खूण करतं? मी तेवीस वर्षं करतेय, मला कळत नाही?"

भोंगाने हातातलं ताट खाली आदळलं. मग तिचा खरा आवाज परत आला, सगळा एकदम. "अगं बये! म्हणजे तुला कुणी काही सांगितलेलंच नाही? तू आपल्या मनाने स्वतःवर फुली मारून बसलीयस? नऊ दिवस? आणि विचारलंस का त्यांना, खूण कशाला म्हणून?"

"विचारायचं काय त्यात?"

"तू काय अंडं आहेस का गं! तुला तोंड दिलंय ना देवाने!" ती ओरडत होती आणि रडत होती. "चप्पल घाल. आत्ता. ते धुणं राहू दे तिथेच."

नवऱ्याला गाडी काढायला लावली. चौकात भोंगाने दुसरा ब्रेक दाबला नाही. नवऱ्याने आवारात गाडी लावली, या वेळीही इंजिन चालू ठेवलं.

त्याच डॉक्टर, पण उजेडातल्या खोलीत. एक्सरे बसली आणि तिने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"खूण का केली?"

डॉक्टरांनी आधी भोंगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "क्लिप? ती अशा सुईच्या बायोप्सीत आम्ही सगळ्यांनाच ठेवतो. चांगलं निघालं तरी, नाही निघालं तरी. कुठून तुकडा घेतला ती जागा परत सापडावी म्हणून. त्या दिवशी सांगितलं होतं मी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

भोंगाने "बघ!" म्हणून टेबलावर हात आपटला. पण एक्सरे डॉक्टरांचा चेहरा बघत होती आणि तो चेहरा अजून मोकळा झाला नव्हता.

"रिपोर्टमध्ये कॅन्सर सापडलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबा, पुढचं ऐका. काही पेशी जशा असायला हव्यात तशा नाहीत. सुईने आपण गाठीचा थोडाच भाग काढला. उरलेल्यात काय आहे, ते एवढ्यावरून सांगता येणार नाही. गाठ पूर्ण काढून तपासायला हवी. छोटं ऑपरेशन आहे, त्याच दिवशी घरी."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"अजून ठरलेलं नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"नुसतं वाटण्यावरून मी सांगत नाही. परत बघते." डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "कालची जागा धरून ठेवली होती तुमच्यासाठी. म्हणून तर फोन करत होते. ती गेली. आता पुढचा बुधवार. त्यापुढे मात्र ढकलू नका."

"ढकललं तर?"

डॉक्टरांनी तारीख लिहिली आणि त्याखाली दोनदा रेघ मारली.

जिन्यावरून उतरताना भोंगा बोलत होती, सापडलं नाही म्हणाल्या, नाही म्हणजे नाही, छोटंसं तर ऑपरेशन. एक्सरेला ते सगळं ऐकू येत होतं आणि एकही वाक्य उभं राहत नव्हतं. वाईट असतं तर तिची तयारी होती. बाई शिकवून झाली होती, यंत्र दाखवून झालं होतं. चांगलं असतं तर ती इथेच पायरीवर बसून रडली असती. हे जे मधलं होतं, त्याचं काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनेही कुणाला शिकवलं नव्हतं.

नवऱ्याने काच खाली केली. "काय?"

तिने तोंड उघडलं. भोंगा बोलायला गेली तसा तिने तिचा हात दाबला.

"मला नीट कळलेलं नाही," ती म्हणाली. "मी अर्धंच ऐकलंय. मागच्या वेळीही अर्धंच ऐकलं. मला परत जाऊन विचारायचंय. तुम्ही चला बरोबर."

"मी?"

"तुम्ही. मी विचारेन, तुम्ही ऐका. मला एकटीला पुरणार नाही ते."

तो स्टीअरिंग धरून बसून राहिला. त्याच्या पायाखाली आज खरा ब्रेक होता आणि त्याने तो घट्ट दाबून धरला होता. मग त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबल्यावर आवारात एकदम शांतता झाली.

वरच्या लांबट खोलीत नोंदणीच्या खिडकीमागच्या बाईने तिघांकडे पाहिलं. "डॉक्टर आत गेल्यात. पेशंट आहे. वेळ लागेल."

"बसतो," एक्सरे म्हणाली.

त्यांनी तीन खुर्च्या धरल्या. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. भोंगा चक्क गप्प होती. समोरच्या दारावर लाल दिवा लागलेला होता. आतून, जाड लाकडामागून, खट्ट असा बारीक आवाज आला, आणि नवरा दचकला.

"काय झालं ते?"

"काही नाही," ती म्हणाली. "एक." तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दुसऱ्या आवाजाची वाट बघू लागली.